गोलखांबामागचा तांब्या

"खेळायचं की नाही तेवढं सांगा. चहा नंतर प्या," मॅनेजर कृष्णमूर्ती म्हणाला. कुणीच कप खाली ठेवला नाही.

कारखान्याच्या फुटबॉल संघाची ती खोली म्हणजे एक टेबल, एक मोडकं कपाट आणि ओल्या मोज्यांचा वास. दाराशी विश्वासराव बुटांना नाड्या ओवत बसला होता. संघाचं सामान त्याच्याकडे. कपडे धुवायचे, चेंडूत हवा भरायची, मुरगळलेले पाय चोळायचे आणि पाणी द्यायचं. बैठकीत त्याला कधी कुणी विचारत नसे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात गावात पटकी आली होती. नळाच्या पाण्यात कुठंतरी गटार मिसळलं होतं. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून माणसं उचलून साथीच्या दवाखान्यात नेत होते. काही परत येत, काही येत नसत. लीगचे सामने बंदच होते. आता वरून निरोप आला होता, की काळजी घेऊन खेळणार असाल तर खेळा.

"काळजी म्हणजे काय?" कप्तान उल्हास म्हणाला. "आमच्या समोरची अक्का सकाळी पापड वाळत घालत होती, संध्याकाळी तिला चादरीत घालून नेली. मी नाही म्हणतो. चेंडू काय पळून जातोय?"

"चेंडू नाही, नोकरी पळते," गोलकीपर गुरुदत्त म्हणाला. "तू कायम झालास अण्णा. मी टेंपररी. मोसम अर्धा राहिला तर साहेब लोक संघच मोडणार. मग मला काय गेटावर उभं करणार का?"

"तुला गेटावर उभं केलं तर चोर आत यायचे. तू पुढं येऊन उडी मारतोस," कुणीतरी म्हणालं. जरासं हसू झालं आणि विरलं.

गुरुदत्त विश्वासरावच्याच गल्लीतला. आई कोलारकडे गावी, हा इथं एका खोलीत. जेवायला बहुतेक विश्वासरावच्या घरी. त्या पोराचं तोंड पाहिलं आणि विश्वासरावच्या हातातली नाडी थांबली.

"पाणी माझ्यावर सोडा," तो म्हणाला.

सगळे वळले. खोलीतली खुर्चीच बोलली असं वाटलं असणार त्यांना.

"घरनं उकळून आणतो. मैदानातल्या नळाला कुणी तोंड लावायचं नाही. माझ्या पिंपातलंच प्यायचं."

उल्हासनं कप खाली ठेवला. "मामा, तुम्ही सांगताय?"

"सांगतोय."

"सरी, ठीक मग. तुमच्या शब्दावर खेळतो."

सामन्याच्या दिवशी विश्वासराव पहाटेपासून स्टोव्हपुढं बसला. पातेल्यावर पातेलं, खळखळ उकळल्याशिवाय एक उतरवलं नाही.

"माझा भात कधी शिजायचा?" बायको मथुरानं विचारलं.

"आज हॉटेलातनं इडली आण."

"आणते की. इडलीबरोबर पटकी फुकट देतात."

त्यानं पेलेसुद्धा उकळले. पिंपाला दोन फडकी बांधली. रिक्षात ते मांडीवर धरून बसला, लहान मूल धरावं तसं. पाणी अजून कोमट होतं आणि कोमट पाणी संघातल्या पोरांनी आजवर कधी प्यायलं नव्हतं. म्हणून वाटेत, इतकी वर्षं थांबत आला होता तसा, बाजारामागं बर्फवाल्यापाशी थांबला. लादी घेतली, भुसा धुऊन काढला, गोणपाटात घालून फोडली आणि पिंपात सोडली. फडकी पुन्हा घट्ट बांधली.

ऊन असं होतं की मैदानाची माती बुटातून चटके द्यायची. बाकीचे कडेला येऊन पाणी पीत. गोलकीपरला जागा सोडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी गोलखांबामागं एक तांब्या ठेवायची विश्वासरावची रीत. त्या दिवशी तो त्यानं तीनदा भरून ठेवला.

"मामा," गुरुदत्त ओठ पुसत म्हणाला, "हे गार पाणी नसतं ना, तर चेंडू गेला असता आत."

एका गोलानं जिंकले. उल्हासनंसुद्धा विश्वासरावच्या पाठीवर थाप मारली.

मग दोघे आजारी पडले. बॅकला खेळणारे; सलाईनवर गेले आणि सावरले. गुरुदत्तची काही खबर नव्हती. जेवायला आला नाही तेव्हा मथुरा पेज घेऊन त्याच्या खोलीवर गेली आणि तशीच धावत परत आली.

दवाखान्यात खाटांना मधोमध भोक आणि खाली बादल्या. गुरुदत्तचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुणाऱ्या बाईसारखी सुरकुतली होती.

"आधी का नाही बोललास रे गाढवा?"

"बोललो असतो तर सामने परत थांबवले असते." आवाज कुठून तरी लांबून यावा तसा. "मामा, मॅनेजरला सांगू नका."

नर्सनं दिलेलं साखर-मिठाचं पाणी विश्वासरावनं चमच्यानं त्याच्या तोंडात घातलं. एक घोट गिळून तो पोरगा म्हणाला, "गार नाही काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याची आई कोलारहून पोचली तेव्हा चादर वर ओढलेली होती.

घरी आल्यावर विश्वासराव भिंतीला टेकून बसला. "मी उकळलं होतं," तो म्हणत राहिला. "पेले उकळले, फडकी उकळली. बाहेरचा थेंब नाही पडू दिला. तू पाह्यलंस ना?"

"पाह्यलं." मथुरा तांदूळ निवडत होती. "गार कसं केलंत?"

त्याची नजर कोपऱ्यातल्या, बर्फ फोडायच्या गोणपाटावर गेली. तिनं वर पाहिलं, मग सूप बाजूला ठेवलं.  त्या रात्री ती जेवली नाही, पण त्याचं ताट वाढून ठेवलं.

संघाच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. "पटकी काय, कुठनंही येते," कृष्णमूर्ती म्हणाला. "हॉटेलात खाल्लं असेल, काय माहीत. साहेबांचा फोन आलाय. सामना ठरल्याप्रमाणं होणार."

"बर्फ घातला होता मी," विश्वासराव दाराशी उभा राहून म्हणाला. "बाजारातला. तो काही उकळला नव्हता."

 कुणी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उल्हासनं मोजे उचलले आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडला.

सामना झाला. सुरुवातीला सगळे मान खाली घालून उभे राहिले आणि मग शिटी वाजली. विश्वासराव पिंप घेऊन आला होता. उकळलेलं, कोमट, नुसतं पाणी. मध्यंतरात पोरं पिंपापासून लांब, आपापल्या बाटल्या घेऊन बसली. नवा गोलकीपरही बाटली घेऊनच आला होता.

उल्हास उठला, पिंपापाशी आला. पेला भरून घेतला आणि उभ्यानं प्यायला. तोंड जरा वाकडं झालं. पेला पालथा घालून तो परत गेला. 

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा विश्वासरावनं तांब्या भरला आणि नेहमीच्या गोलखांबामागं नेऊन ठेवला. नव्या पोरानं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं बघू लागला. वारा सुटला, मैदानाची लाल धूळ उडायला लागली. विश्वासराव तिथंच उकिडवा बसला आणि सामना संपेपर्यंत त्यानं तांब्याच्या तोंडावरचा हात काढला नाही.