पेटीतले पाय

“घाल बाई, पण लवकर घाल,” अक्का म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून तिनं पाय पुढे केला.

मी जोडवं हातात धरून तिच्यासमोर बसले होते. विधवा नणंदेच्या पायात जोडवी घालायची वेळ कुठल्या भावजयीवर आली असेल, सांगा! कुणी बघितलं तर? अख्ख्या बळेपेटेत, आमच्या पेठेत, तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला एक वेळ चाललं असतं, माझं तोंड मुळातच फटकळ. पण अक्काला लोकांनी जिवंत सोडलं नसतं.

अक्का म्हणजे गोदूबाई, आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि चुलीपाशी बसली ती बसलीच. हळदीकुंकवाला घरात बायका आल्या की ही आपणहून मागच्या खोलीत जायची. कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी थांब असंही म्हणत नव्हतं.

आणि आमचे हे, म्हणजे दामोदर. दिवसभर कारखान्यात फिटर, आणि गणपती आला की जादूगार. त्यांचा हुकमी खेळ म्हणजे बायकोला करवतीनं कापायचं. बायको मीच, दुसरी कोण मिळणार! मी पेटीत निजायची. एका टोकाला डोकं बाहेर, दुसऱ्या टोकाला पाय. हे पेटी एकदा गोल फिरवायचे, आणि त्या गिरकीत मी पाय आत ओढून गुडघे छातीशी घ्यायची. खालचं टेबल कडेनं दिसायला पातळ, मधे मात्र पोकळ. त्यात अक्का आधीपासून निजलेली असायची. माझे पाय आत आले की तिचे पाय बाहेर. करवत खरी, तिचे दातही खरे. ती चालायची माझ्या गुडघ्यांपासून चार बोटांवर, आणि खाली अक्काच्या पोटावर फक्त एक फळी. भुसा नाकातोंडात जायचा, पण शिंकायचं नाही. घरातलं गुपित घरातच राहावं म्हणून अक्का. आणि ती होतीही काटकुळी.

यांनी सगळा विचार केला होता. खिळा न् खिळा मोजूनमापून ठोकलेला. जोडव्यांचा तेवढा केला नाही. पुरुषच शेवटी! आदल्या वर्षी खेळ ऐन रंगात आला आणि पहिल्या रांगेतून चंद्राबाई ओरडल्या, “अगं बाई, हिची जोडवी कुठं गेली?”

चंद्राबाई म्हणजे आमच्या पेटेचं कोर्ट. त्या बोलल्या की निकाल लागला. बायकांत चुकचुक सुरू झाली. सवाष्णीचे पाय मोकळे, आणि नवरा वर करवत धरून उभा! हे म्हणाले, “मंत्रानं गायब केली, परत आणतो,” आणि कशीबशी वेळ निभावली. घरी येऊन मात्र पेटी भिंतीला लावली. “संपला हा खेळ. अक्काला जोडवी घाल असं मी सांगायचं? माझ्यानं नाही होणार.”

वर्षभर पेटीवर धूळ बसली. मग अठ्ठावन्न सालचा गणपती आला, आणि यांनी पेटी मोडायला हातोडा काढला. अक्का पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून ती बाहेर आली.

“मोडू नको, दामू.”

“अक्का, अगं...”

“लोक टाळ्या वाजवतात ना, तेव्हा सगळं लाकूड थरथरतं. पायाला कळतं मला,” ती म्हणाली. “वर्षातून एकदा तेवढंच तर आहे माझं. प्रेमा, तुझी जुनी जोडवी दे.”

मी रडले. हे तर हातोडा घेऊन परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

खेळाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. पेटी फिरली, पाय बदलले. आणि आमच्या शहाण्यांना काय सुचावं! “चंद्राबाई, मागच्या वर्षी तुम्हीच विचारलं होतं ना? या वर. पाय धरा घट्ट, म्हणजे कुणाला शंका नको.”

दिवाळीत अक्काच्या पायावर वरवंटा पडला होता. जोडव्याचंच बोट वाकडं झालं होतं, आणि त्यावर हळद-चुना बांधला होता तो याच चंद्राबाईंनी! ह्यांना आठवतंय कशाला. मला ओरडावंसं वाटलं, पण गुडघे छातीवर दाबलेले, ओरडणार काय?

चंद्राबाईंनी पाय धरले. माझं डोकं बाहेर होतं, त्यांचं तोंड मला नीट दिसत होतं. आधी त्या हसत होत्या. मग त्यांची नजर त्या बोटावर गेली आणि हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको, नको म्हणून. संपलं सगळं, मी मनात म्हटलं, आता अक्काला घेऊन कुठं जायचं?

“काय चंद्राबाई, दिसली जोडवी? कुणाचे पाय?” ह्यांनी विचारलं.

चंद्राबाईंनी वाकड्या बोटावर फिरलेलं जोडवं अंगठ्यानं हळूच सरळ केलं.

“सवाष्णीचे पाय आहेत,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “चालव करवत.”

टाळ्या अशा पडल्या की भुसा उडाला. मी अख्खीच्या अख्खी बाहेर आले, हारतुरे झाले, पडदा पडला. मी धावत जाऊन टेबलाची फळी उघडली. अक्का घामानं निथळत होती.

“कुणी धरले होते गं पाय?” तिनं विचारलं. “जोडवं नीट केलं कुणीतरी.”

“चंद्राबाईंनी. अक्का, त्यांनी ओळखलं तुला. आणि काही बोलल्या नाहीत.”

अक्कानं पाय जवळ ओढून घेतला. मग तिनं जोडवी काढायला घेतली. एक निघालं. दुसरं वाकड्या बोटात जे अडकलं ते काही केल्या निघेना.

“राहू दे. घरी साबण लावून काढीन,” असं म्हणत ती उठली आणि लुगडं झटकलं. दर वेळी ती मागच्या बोळानं घरी जायची. आज मंडपाकडे वळली.

“अक्का, अगं पाय बघ! जोडवं!”

“आरतीला जाते,” ती म्हणाली.

मी जीव मुठीत धरून मागोमाग गेले. बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. अक्का लंगडत सरळ पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि उभी राहिली. चंद्राबाईंनी वर बघितलं, मग खाली तिच्या पायाकडे.

“बस गं गोदू,” त्या म्हणाल्या आणि सरकल्या. “जरा गार वारं सुटलंय.” आणि अंगावरची शाल काढून त्यांनी ती अक्काच्या पायांवर पसरली.