चकत्यांचा क्रम

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा जुना डिफरन्शियल आहे. गाडी पाहताना माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण मी मागच्या दोन चाकांच्या मधोमध, लोखंडी घुमटात, काळ्या तेलात बुडालेला असतो. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणं हे माझं काम. साधा डिफरन्शियल एक चाक घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाला देऊन मोकळा होतो, आणि गाडी जागच्या जागी घुरघुरत राहते. मी तसा नाही. माझ्या पोटात पोलादी चकत्यांची चळत आहे. एक चकती बाहेरच्या डब्याला धरून, पुढची आतल्या दात्यांना धरून, अशा त्या एकाआड एक बसतात. चाक घसरू लागलं की त्या एकमेकींना घट्ट दाबतात आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. आमच्या फिनलंडच्या उत्तरेला रस्ता वर्षातला निम्मा काळ बर्फाचाच असतो. तिथे मला नुसतं 'लॉक' म्हणतात, आणि म्हणताना आवाजात थोडा मान असतो.

तरुणपणी मी जंगलातल्या शर्यती धावलो. मग एके दिवशी माझी गाडी झाडावर आदळली आणि ओस्मो नावाच्या भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडली. कुणी तिचं इंजिन नेलं, कुणी दारं नेली. मला कुणी विचारलं नाही. माझ्यावर एक धुण्याचं यंत्र आलं, त्यावर बर्फ आला, बर्फ वितळून पाणी आत शिरलं. आपण गंजतो आहोत हे कळत असूनही काही करता येत नाही, ते दिवस मी पुरते भोगले.

तिथून मला साइलाने उचललं. साइला रस्त्यावरचा बर्फ हटवणारं मोठं वाहन चालवायची. तिचे वडील काउको म्हणजे आमच्या भागातले लॉक जुळवणारे. लांबलांबून लोक त्यांच्या शेडमध्ये येत. आता मात्र त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. ते खिडकीशी बसून राहत, हात मांडीवर ठेवून. शेडमध्ये त्यांची जुनी गाडी उभी होती, तिचं लॉक कधीच मोडलं होतं. मला दुरुस्त करण्यात बाबांचं मन रमेल, आणि हिवाळा सरायच्या आत तळ्यावरच्या शर्यतीत ती गाडी पुन्हा धावेल, असं साइलाच्या मनात होतं.

"काउकोला देणार हे?" ओस्मोने विचारलं. "गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे कॉफी प्यायला आला होता. उठताना मलाच विचारलं, माझं घर कुठल्या बाजूला रे?"

"त्याचे हात नाही विसरलेले," साइला म्हणाली.

"हातांना वाट कोण दाखवणार, पोरी?"

तिने मला पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवलं.

काउकोंनी मला बाकावर घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला रॉकेलने धुतलं, गंज घासून काढला. माझ्या झिजलेल्या, जळून निळ्या पडलेल्या चकत्या ते बोटांनी चाचपून पाहत आणि मान हलवत. नव्या चकत्या आल्या, त्या त्यांनी तेलात भिजत घातल्या. कधीकधी ते शिट्टी वाजवत. एकदा माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट नाहीस तू." आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी करत नाही.

मला वाटलं, आपले दिवस पालटले.

मग जुळणीचा दिवस आला. काउकोंनी चकत्यांचे दोन ढीग केले, बाहेरच्या डब्याला धरणाऱ्या इकडे, आतल्या दात्यांना धरणाऱ्या तिकडे. आणि ते थबकले. बराच वेळ ते या ढिगाकडून त्या ढिगाकडे पाहत राहिले. शेवटी त्यांनी एक ढीग उचलला आणि सगळाच्या सगळा माझ्या पोटात ठेवला. त्यावर दुसरा ठेवला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोललो असतो. अशा चळतीला पकड कुठून येणार?

ते शेवटचा बोल्ट आवळत असताना साइला कॉफी घेऊन आली.

"ताण मोजलास, बाबा?"

"मोजला की."

एक बाजू अडवून, मोठ्या पान्याने दुसरी बाजू फिरवून ताण मोजायचा असतो. तो पाना भिंतीवर होता, धुळीने माखलेला. साइलाने पान्याकडे पाहिलं. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे कित्येक महिन्यांत न दिसलेलं समाधान होतं.

"चल, कॉफी निवतेय," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी तळं पार तळापर्यंत गोठल्यासारखं कडक होतं. काउको येणार म्हणून त्यांचे जुने सोबती आले होते. शेकोटीवर सॉसेज भाजत होते. मी आता काउकोंच्या जुन्या गाडीत बसलो होतो आणि स्टिअरिंगवर साइला होती. निशाण पडलं. बाकीच्या गाड्या बर्फ उडवत निघून गेल्या. माझं डावं चाक नुसतं किंचाळत फिरलं, उजवं हललंसुद्धा नाही. गाडी सगळ्यांसमोर तिथल्या तिथे उभी राहिली. गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

काउको काठी टेकत बर्फावरून आले. वाकले. कान देऊन ऐकलं. ते ऐकणं मात्र अजून शाबूत होतं.

"हे लॉक कुणी जुळवलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं.

"ज्यानं कुणी जुळवलंय, त्याच्या हातात पाना देऊ नका यापुढे."

"ओस्मोकडून आणलं तसंच बसवलं, बाबा," साइला म्हणाली.

"हो रे," ओस्मो बुटांकडे पाहत म्हणाला. "आत न बघताच दिलं मी. माझंच चुकलं."

"मग घरी नेऊन उघडू," काउको म्हणाले. साइलाने पुष्कळ टाळलं, पण ते ऐकेनात.

त्यांनीच मला उघडलं. आत चकत्या चकचकीत होत्या, कोऱ्या, नव्या तेलाच्या वासाच्या. भंगारातल्या लॉकमध्ये अशा चकत्या नसतात, एवढं त्यांना अजून कळत होतं.

"साइला, हे मीच केलं ना?"

तळ्यावर तिला खोटं सुचलं होतं. इथे सुचलं नाही.

काउकोंनी चिंधी घेऊन एकेक बोट पुसलं, अगदी नखांपर्यंत. एप्रन काढून खुंटीला लावला आणि ते घरात गेले. त्यानंतर ते आपणहून शेडमध्ये आले नाहीत.

मला साइलाने जुळवलं. एक ही, एक ती, हळूच पुटपुटत. तिचे डोळे गळत होते, हात तेलाचे असल्याने तिला ते पुसता येत नव्हते. तिने ताण मोजला. मग मला पुन्हा गाडीत बसवून ती शाळेमागच्या चढावर गेली, जिथे त्या महिन्यात ट्रकसुद्धा अडकत होते. मी दोन्ही चाकांनी बर्फ धरला आणि गाडी वर नेली. आयुष्यात इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं. वर पोहोचल्यावर साइलाने इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

घरी येऊन ती म्हणाली, "लॉक पकडतंय, बाबा."

"छान," काउको म्हणाले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

पुढे गाडीवर ताडपत्री पडली. माझं तेल खाली बसलं, वरच्या चकत्या कोरड्या झाल्या, आणि गंजाची ती जुनी ओळखीची खाज पुन्हा सुरू झाली. पानं गळायला लागली तेव्हा एके दुपारी साइला वडिलांना हात धरून शेडमध्ये घेऊन आली. तिने ताडपत्री सारली. काउकोंनी गाडीवर हात फिरवला, परक्या जनावरावर फिरवावा तसा, जपून.

"कुणाची गाडी?"

"तुझीच. लॉक आहे हिला. फार छान पकडतं."

"कुणी जुळवलं?"

"तू जुळवलंस, बाबा."

काउको जरा हसले. संकोचून. "मी? छे. मला नाही येत असलं काही."

मित्रांनो, माझं तेल बदला, मला असं उभं ठेवू नका, असं मी कुणालाही सांगेन. पण तुमच्या घरात कुणाचे हात कामावर असे थबकू लागले, तर ते काम काढून घेऊ नका आणि त्यांना त्या कामापाशी एकटंही सोडू नका. शेजारी बसा. एकेक चकती त्यांच्या हातात द्या. जुळणीच्या त्या दिवशी बाकाशी दुसरं स्टूल रिकामं होतं, आणि साइला स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती.