उघडं भांडं

"कोणाला सांगितलं तर थापच वाटेल," कुटायच्या फळीवर दगडाचा शेवटचा घाव घालून नाओने म्हाताऱ्याने ओसरीतूनच आवाज चढवला, "पण आज आपल्या खाचरातून अळूचा जो कंद निघाला ना, तसला सगळ्या हवाई बेटांत कोणी पाहिला नसेल. डुकराएवढा. ओढायला खेचर लावलं, तर खेचरच चिखलात बसलं."

आत खाटेवर कावेही हसली. हसू कमी, खोकला जास्त.

"परवाचा वासराएवढा होता म्हणालास."

"होताच. हा त्याचा धाकटा."

नाओनेने दगड पुसला. पुसायची गरज नव्हती. फळी कोरडी ठणठणीत होती. मग सदऱ्याखालून बंदरावरच्या दुकानातली पोईची, म्हणजे उकडून कुटलेल्या अळूकंदाच्या आयत्या लापशीची, पिशवी काढून त्याने ती लाकडी भांड्यात पिळली, पाणी घालून कालवली आणि वाजू नये म्हणून पिशवीची बारीक घडी करून खिशात कोंबली.

पुराने पाटाचं तोंड नेलं, तेव्हापासून खाचरात पाणी साचून तापलं होतं. कंद उपटावा तर हातात नुसता लगदा येई. ते बेणं कावेहीच्या आईकडचं. लग्नात घोड्यावर लादून ती बरोबर घेऊन आली होती. आता कावेहीला ना उठता येत होतं, ना दिसत होतं. औषधाचं ती विचारत नसे. रोज एकच विचारी, बेणं जगलंय ना?

त्याने भांडं तिच्या उशाशी ठेवलं आणि झाकण काढलं. उघड्या पोईपुढे भांडायचं नाही, कोणाला खोटं पाडायचं नाही. अळू हा माणसाचा थोरला भाऊ, तो ऐकत असतो. पन्नास वर्षं नाओनेच्या थापा याच रिवाजाच्या आडोशाने तगल्या होत्या.

"बेणं?" तिने विचारलं.

"आठ फुटवे निघाले त्या कंदाला. सगळे लावले. पानं तर अशी, की सकाळची सर ओसरेपर्यंत मी एका पानाखाली उभा होतो. खांदासुद्धा भिजला नाही."

कावेहीने दोन बोटं बुडवून चाखली. बराच वेळ जीभ टाळूवर फिरवत राहिली.

"गुळगुळीत आहे. एक गुठळी नाही."

"हात अजून चालतो माझा."

तिने बोटं पुसली. पुन्हा भांड्याकडे नेली नाहीत. हात चादरीवर चाचपत झाकणापर्यंत गेला. झाकण तिने भांड्यावर ठेवलं, नीट बसलं की नाही ते बोट फिरवून पाहिलं.

"कंद कुटताना दगड चिकटतो, म्हाताऱ्या. उचलताना चपचप वाजतो," ती हळूच म्हणाली. "पूर आल्यापासून तुझा दगड कोरडाच वाजतोय."