बावीस पॉइंट चार लिटर

पंकजा शिकली ती धाकट्या भावाच्या, वैजनाथच्या जिवावर. माहेरी कोणी हे बोलून दाखवत नसे, पण पाथर्डीकडच्या त्या वस्तीवर ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आईचे गुडघे गेले. ऊसतोडीला एका कोयत्यामागे दोन माणसं लागतात, त्यामुळे आबा एकटे पडले. तेव्हा पंधरा वर्षांचा वैजनाथ दप्तर खुंटीला अडकवून बापाबरोबर ट्रकमध्ये चढला. पुढची सात वर्षं तो दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जायचा आणि उन्हाळ्यात काळाठिक्कर पडून परत यायचा. पंकजा एम. एस्सी. झाली, नगरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली, लग्न होऊन तिथलीच झाली. मग आई वारली. वैजनाथने आबांच्या साडेतीन एकरांत मोसंबी लावली, राजेश्वरीशी लग्न केलं आणि कोयता माळ्यावर टाकून दिला.

त्याची शिकायची भूक मात्र गेली नव्हती. सुट्टीला पंकजा आली की तो हमखास विचारायचा, "आक्का, सध्या काय शिकिवतीस?" ती सांगायची ते तो बिडी विझवून ऐकायचा. आपल्या वर्गातली साठ पोरं मिळून जेवढं ऐकत नाहीत तेवढं हा एकटा ऐकतो, असं तिला नेहमी वाटे.

त्या एप्रिलच्या शेवटी ती रविवार धरून दोन दिवस आली होती. बरोबर अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर होते. मार्चमध्येच बोअर आटलं होतं आणि मोसंबी माना टाकत होती. वस्तीमागे जुनी विहीर होती, चाळीस फूट खोल, दहाएक वर्षं न वापरलेली. शेळ्या-पोरं पडू नयेत म्हणून वर पत्रे टाकलेले. आत पालापाचोळा, तुरीचं काड, वाऱ्याने येऊन पडेल ते सगळं कुजत पडलेलं. गाळ काढला तर झरा मोकळा होईल, असं वैजनाथच्या मनाने घेतलं होतं. गाळ काढायला क्रेनवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. गाळ किती आहे ते आधी पाहून ठेवावं, म्हणून सकाळी बापलेकांनी पत्रे बाजूला सारले.

पंकजा विहिरीजवळच्या लिंबाखाली सतरंजी टाकून पेपर तपासत होती. वैजनाथ घाम पुसत तिच्याजवळ येऊन बसला.

"ह्यात काय लिव्हलंय?"

"गणित आहे. अकरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड किती जागा घेईल, ते काढायचंय."

"कसं काढत्यात?"

तिने पेन खाली ठेवलं. "मोल म्हणजे एक ठरलेली मोजणी. आपण डझन म्हणतो तशी, फक्त फार मोठी. कुठल्याही वायूचे तेवढे कण घेतले, की त्यांना जागा सारखीच लागते. ठरावीक तापमानाला आणि दाबाला बावीस पॉइंट चार लिटर. कण बारका असो नाहीतर मोठा."

"म्हंजी लिंबं भरा न्हाईतर कलिंगडं भरा, डझनाला पाटी येकच?"

"वायूंच्या बाबतीत एकच."

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पन कलिंगडाची पाटी जड भरंल की."

"भरणारच. हायड्रोजनची पाटी दोन ग्रॅम. आपल्या हवेची एकोणतीस. ह्या कार्बन डायऑक्साइडची चव्वेचाळीस."

"मंग ह्यो हवंपक्षा जड झाला. खाली बसत आसंल."

"बसतो की," पंकजा म्हणाली. तिला फार बरं वाटलं. "माझ्या पोरांना हे सांगूनसुद्धा सुचत नाही बघ."

वैजनाथ खूश होऊन उठला. टॉवेल डोक्याला गुंडाळला, विहिरीच्या कडेला गेला आणि भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत उतरायला लागला. त्याचं डोकं कठड्याखाली जाताना तिने पाहिलं. मग पुढचा पेपर घेतला. पोराने पाच पॉइंट सहा लिटर असं बरोबर उत्तर लिहिलं होतं. तिने त्यावर लाल खूण केली.

काही वेळाने आबांनी कठड्यावरून वाकून विचारलं, "वैजू, किती हाय रं गाळ?"

खालून उत्तर आलं नाही.

"वैजू?"

दुसऱ्या हाकेला पंकजाने मान वर केली. तिने धावत जाऊन खाली पाहिलं. वैजनाथ तळाच्या चिखलात कुशीवर पडला होता, एक हात भिंतीकडे केलेला.

"पाय घसारला जनू," म्हणत आबांनी एक पाय आत टाकलासुद्धा. पंकजाने त्यांना मागून कमरेला मिठी घातली आणि दोघं मागच्या मागे मातीत पडली.

"उतरू नका आबा. खाली हवा नाही. कुजलेल्याचा गॅस साचलाय."

"सोड. पोरगं पडलंय माजं."

"तुम्हीसुद्धा पडाल."

सत्तरीला टेकलेले आबा, पण अंगात ऊसतोडीची ताकद होती. त्यांनी हिसके दिले, कोपर मारलं, शेवटी तिच्या मनगटाला चावले. तिने सोडलं नाही. ओरडा ऐकून शेजारचा गोरक्षनाथ धावत आला. तोही सरळ कड्यांकडे निघाला, तेव्हा पंकजा आबांना धरून बसल्या जागेवरून म्हणाली, "गोरक्षभाऊ, आधी फडकं पेटवून दोरीने खाली सोडा. विझलं तर उतरू नका. पोरांची शपथ आहे तुम्हाला."

गोरक्षनाथने रॉकेलचा बोळा पेटवून सोडला. वीस-पंचवीस फुटांपर्यंत जाळ नीट होता. मग कोणी चिमटीत धरावा तसा विझला. गोरक्षनाथ दोन पावलं मागे सरला. आबांनीही ते पाहिलं. पाहूनही ते म्हणत राहिले, "सोड मला, पंके. सोड."

तोवर राजेश्वरी पिठाच्या हातांनी धावत आली होती. तिने पाहिलं ते एवढंच, की नवरा खाली पडलाय आणि नणंद सासऱ्याला धरून बसली आहे.

पंकजाला जे जे आठवलं ते तिने करायला लावलं. वरून बादल्यांनी पाणी मारलं, झाडाच्या फांद्या दोरीला बांधून खालीवर केल्या. बादल्या काढायचा गळ टाकला. तो वैजनाथच्या शर्टात अडकला, अंग हातभर उचललं गेलं आणि शर्ट फाटला. गोरक्षनाथचा फवारणीचा ब्लोअर दुसऱ्या रानात ट्रॅक्टरला जोडलेला होता. तो आणून त्याचं तोंड विहिरीत केलं, हवा मारली, पुन्हा बोळा सोडला. या वेळी तो तळापर्यंत जळत गेला. मग गोरक्षनाथ कमरेला दोर बांधून उतरला. वैजनाथला वर काढेपर्यंत पाऊण तास गेला होता. पंकजाने त्याच्या तोंडातला चिखल काढून श्वास दिला, छाती दाबली. पाथर्डीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती दाबत राहिली. डॉक्टरांनी तिचे हात धरून बाजूला केले तेव्हा ती थांबली.

राजेश्वरी तिथे रडली नाही. घरी आल्यावर, बायका भोवती बसलेल्या असताना, ती शांतपणे म्हणाली, "आबा चालले हुते. आक्कांनी धरून ठिवलं."

कोणीतरी समजावलं, की आबा गेले असते तर दोन मयती झाल्या असत्या. राजेश्वरीने मान हलवली. "तवा जीव हुता त्यांच्यात. आबांनी वर आनलं आस्तं."

गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. बाईने डोकं चालवलं म्हणून दोन माणसं वाचली, असं गोरक्षनाथ भेटेल त्याला सांगे. पण एवढी शिकलेली, तिथंच बसलेली, मग उतरायच्या आधी का नाही बोलली, असंही लोक विचारत. ते पंकजाच्या कानावर आलं. जड वायू खाली बसत असेल, असं वैजनाथ स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता आणि तिने "बसतो की" म्हटलं होतं. विहीर दहा पावलांवर होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

अकरावीचे वर्ग सुरू झाले. मोलर आकारमान पहिल्याच धड्यात येतं. पंकजाने फळ्यावर वायूंची नावं लिहिली, पुढे त्यांचं वजन लिहिलं, आणि सगळ्यांसमोर एकच आकडा, बावीस पॉइंट चार. इतकी वर्षं ती इथून थेट गणितांकडे वळायची. कारण परीक्षेत गणितंच यायची. त्या दिवशी ती वळली नाही.

"तुमच्यापैकी कोणाकडे विहीर आहे?" तिने विचारलं.

वीसेक हात वर झाले. फळ्याला हात टेकून ती उभी राहिली. समोरच्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली आणून दिली. पाणी पिऊन पंकजाने सगळं सांगितलं: जड वायू कुठे साचतो, बोळा कसा सोडायचा, विझला तर काय करायचं, आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचंच नाही. भावाचं नाव तिने घेतलं नाही. मग ती स्टाफरूममध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पुढचे दोन तास दुसऱ्या सरांनी घेतले.

श्रावणात ती वस्तीवर गेली. राजेश्वरीने विहीर मुरमाने बुजवून घेतली होती. ती दारात उभी होती. पंकजाला पाहून "आबा रानात हायत" म्हणाली आणि आत गेली. अर्धीअधिक मोसंबी वाळली होती. आबा एका वाळल्या झाडाखाली बसले होते. पंकजा त्यांच्याजवळ मातीत बसली आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बोलून टाकलं. पाटीचं, कलिंगडांचं, वैजनाथने काय विचारलं आणि आपण काय म्हणालो त्याचं.

"त्याला कळलं होतं आबा. मला तर ठाऊकच होतं. तरी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी कौतुक करत बसले."

आबांनी मातीत काडीने रेघा ओढल्या. मग म्हणाले, "मी बी तितंच हुतो. पत्रं मीच काढलं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तुजं चुकलं आसं मी म्हनत न्हाई. त्येचा राग न्हाई मला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मला धरलंस, त्येचा हाय."

"तुम्ही गेला असता आबा. बोळा विझलेला तुम्ही पाहिला होता."

"पायला की. गेलो आस्तो. मला काय कळत न्हवतं व्हय?" त्यांनी काडी मोडली. "पन त्यो तितं चिखलात एकटा पडला हुता, पंके. मी जवळ आस्तो."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराकडे चालायला लागले. ती तिथेच बसून राहिली. घरातून जेवायला हाक येईल असं तिला वाटत होतं. भाकरी थापल्याचा आवाज आला, नंतर भांडी घासल्याचा आला. हाक आली नाही. साडेचारच्या एसटीने ती नगरला परत गेली.