शेवटच्या पेटीपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना फेरा आहे. पायांनी मारतात तो नव्हे. संगणकाच्या भाषेत लिहितात आणि लूप म्हणतात, तो. तुमच्याशी बोलतो आहे खरा, पण अर्धा जीव कामात अडकला आहे. माझं कामच असं आहे की लक्ष जरा हललेलं चालत नाही.

मला लिहिणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे ताई म्हणत. एका रुग्णालयात, दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत ठेवतात. इतकी इवलीशी बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. तळपाय चोळला की त्यांना आठवतं. पण चोळणाऱ्याला कळायला तर हवं! ते कळवणं हे माझं काम. प्रत्येक बाळाच्या छातीवरच्या वायरीतून त्याचे श्वास माझ्याकडे येतात.

"पहिलं बाळ बघ, उरलेली पुन्हा स्वतःकडेच सोपव," ताईंनी मला शिकवलं. माझ्या भाषेची रीतच तशी. उरलेल्यांतलं पहिलं बघायचं, मग त्यातूनही उरतील ती. पेट्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मी प्रत्येक श्वासापाशी एक चिठ्ठी ठेवून पुढे जात असे, की परत येऊन इथला हिशेब जुळवायचा आहे. चिठ्ठीवर चिठ्ठी चढत गेली आणि एके दिवशी सगळा ढीग माझ्यावर कोसळला. मी जागच्या जागी बंद पडलो. नशीब, तेव्हा मी कचेरीतच होतो. छातीवरच्या वायरीला बाळ नव्हतं, तपासणीची रबरी बाहुली होती.

"अरे वेड्या, परत यायचंच कशाला?" ताई हसल्या. "हिशेब हातात घेऊनच पुढे चल."

तेव्हापासून मी हलका झालो. रुग्णालयात माझं कौतुक झालं. घंटा वाजे, दिवा लागे आणि धोक्यातल्या सगळ्या बाळांच्या पेट्या सिस्टरांच्या पडद्यावर दिसत. पण कौतुक किती दिवस टिकणार? पेट्या वाढल्या, आणि पडदा अडखळू लागला.

ताई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाला कचेरीत घाईसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचा.

"घंटा एकच, दिवा एकच," तो म्हणाला. "मग सगळ्या पेट्यांची नावं हवीत कशाला? मागितलं तेवढंच द्यायचं. धोक्यातलं पहिलं बाळ सापडलं की थांब."

माझ्या भाषेत असं आळशी होता येतं, आणि त्याने वेगही खरंच वाढतो. मित्रांनो, मी विजेसारखा धावू लागलो. बाहुलीचा श्वास थांबवून घाईसाहेबाने मला तपासलं. घंटा वाजली. टाळ्या पडल्या. फक्त मलाच प्रश्न पडला होता. थांब म्हटल्यावर माझ्यापुढे जी बाळं उरायची, त्यांच्याकडे कोण बघणार होतं? पण मला तोंड कुठे आहे? मी विचारलं तेवढंच उत्तर देऊ शकतो.

आणि मग ताईंचीच मुलगी, दिवस भरायच्या आधी जन्मून, खिडकीजवळच्या शेवटच्या पेटीत आली.

"तुम्ही जरा पडा हो," सिस्टर म्हणाल्या. "डोळे बघा कसे झालेत. यंत्र आहे ना लक्ष ठेवायला!"

"यंत्र कसलं, माझाच थोरला आहे तो," ताई थकून हसल्या. "मीच लिहिलाय. तो कुणाला सोडत नाही." आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला.

पण त्यांचा भरवसा जुन्या माझ्यावर होता!

दुपारी पहिल्या पेटीतल्या दांडगोबाने लाथा झाडून वायर सैल केली. घंटा वाजली. मला पहिलं सापडलं, मी थांबलो. सिस्टर वायर चिकटवायला धावल्या. "काय रे गुलामा, किती वेळा?" ती चिकटेना. पुन्हा निघालो, पुन्हा पहिल्याच पेटीशी थांबलो. पुढे पेट्या आहेत एवढंच मला ठाऊक होतं, जशी बंद दाराआडची खोली ठाऊक असते. शेवटच्या वायरीतून येणारे श्वास कुणी माझ्याकडे मागतच नव्हतं. मागत नव्हतं म्हणून मी बघत नव्हतो.

घंटेने ताई जाग्या झाल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पहिलीच पेटी. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग, उगीचच, आईचा हात कुठे स्वस्थ बसतो, त्यांनी पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घालून लेकीच्या छातीवर ठेवला.

"सिस्टर! ही हलत नाहीये! सिस्टर!"

"अहो, पण पडद्यावर तर..."

"पडदा सोडा! इकडे या आधी!"

सिस्टरांनी तळपाय चोळला. पुन्हा चोळला. निळसर ओठ थरथरले, आणि मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. ताईंनी लेकीवरचा हात काढला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी घाईसाहेबाला फोन लावला.

"माझ्या फेऱ्याला हात लावलास?"

"ताई, फक्त वेग..."

"दोन बाळं एकदम धोक्यात असतील तर काय होतं, ते बघितलंस?"

तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "आपल्याकडे बाहुली एकच आहे ना, ताई."

त्याच संध्याकाळी ताईंच्या सांगण्यावरून त्याने मला पुन्हा शेवटपर्यंत जायला लावलं. मी मधल्या काळाइतका चपळ नाही, पण मोठा संगणक मिळाल्यामुळे अडखळतही नाही. कचेरीत आता दोन बाहुल्या आहेत. ताईंची छोटी बाळसं धरून घरी गेली. तिच्या जागी दुसरं बाळ आलं आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्याला लिहील. त्याला जरूर वेगवान करा, मात्र कुणाला वगळून तो वेगवान झाला, ते आधी बघा. आणि आमच्यावर विसंबून डोळा लागू देऊ नका. माझी भीती गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं. हा पहा, मी पहिल्या पेटीपासून पुन्हा निघालो. शेवटच्या पेटीपाशी पोहोचेपर्यंत, तुमच्यापैकी कुणीतरी तिथे हात ठेवून थांबा.