प्लगच्या खड्ड्यातलं पाणी

आमच्या दूध सोसायटीचा ट्रक डिझेलचा नाही, गॅसचा आहे, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते. डिझेलच्या गाडीला प्लग नसतात, कॉईल नसते, त्यामुळे असलं काही जळायचा प्रश्नच येत नाही. गॅसच्या गाडीला मात्र प्रत्येक सिलिंडरमागे एक प्लग, खोल खड्ड्यात बसवलेला, आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखी एक कॉईल. कॉईलनं ठिणगी दिली नाही की तो सिलिंडर मेला आणि गाडी लंगडायला लागली. हे मी गावात ज्याला त्याला समजावून थकलो. लोक मान हलवायचे आणि परत विचारायचे, भारत, ते समदं खरं, पण गाडी कावून बंद पडती?

त्या उन्हाळ्यात चारा नव्हता, दूध आटलं होतं. सोसायटीनं दुधाचे कॅन उतरवून ट्रकवर पाण्याची टाकी बसवली. चकलांब्याच्या पलीकडच्या विहिरीवर टाकी भरायची आणि आमच्या गावात आणायची. सकाळच्या खेपा गावाला. दुपारची शेवटची खेप अर्धी चौकात द्यायची आणि उरलेली चढ ओलांडून आमच्या वस्तीवर न्यायची. वस्ती म्हणजे आम्हा बौद्धांची घरं. चेअरमन माणिकरावांनी हे भर मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं आणि मी स्वतः टाळी वाजवली होती.

पण गाडी वस्तीवर पोचायचीच नाही. पाण्याचं ओझं घेऊन चढाला लागली की इंजिनवर ताण यायचा आणि मिसिंग सुरू व्हायचं. धक्के खात खात निम्म्या चढावर ती गप्प व्हायची. ड्रायव्हर सुग्रीव तिला उतारानं मागं घ्यायचा, चौकात लावायचा. मग उभ्या गाडीतलं पाणी कशाला वाया घालवायचं म्हणून लोक घागरी घेऊन यायचे. वस्तीतल्या बायका चढ उतरून येईपर्यंत टाकीचा तळ दिसायला लागलेला असायचा. माझी माय, सरूबाई, त्या बायकांत होती. एकदा येताना भरला हंडा घेऊन ती चढावर घसरली. हंडा सांडला आणि मनगट भोपळ्यासारखं सुजलं. हळद लावून पट्टी बांधताना ती एवढंच म्हणाली, "तुज्याच हातची गाडी हाय ना रं ती?"

ते वाक्य मला अजून टोचतं. गावातही कुजबुज सुरू झालीच होती, की भारतच्या हाताला यश नाही. मी कॉईल बदलायचो, प्लग बदलायचो, काही दिवस गाडी पळायची आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. माणिकरावांकडे गेलो तर ते शांतपणे म्हणाले, पाणी तुमच्या हक्काचं आहे, ते कोण अडवतंय, गाडीच पोचत नाही त्याला मी काय करू. वर हेही सांगितलं की आता पुन्हा बंद पडली तर ट्रक बीडच्या गॅरेजला पाठवणार. तिथं गाडी गेली की किती दिवस उभी राहील याचा नेम नाही, आणि तोवर वस्तीनं काय प्यायचं? मी चिडून परत आलो. राग त्यांचा नव्हता, त्या कॉईलचा होता.

पुन्हा बंद पडलीच. बीडला पाठवण्याआधी मला शेवटचं एकदा बघू द्या, म्हणून मी माणिकरावांकडून एक दिवस मागून घेतला. सकाळी सोसायटीच्या आवारात केबिन पुढं झुकवून मी इंजिन उघडं केलं आणि पहिली कॉईल वर ओढली. तिच्या रबरी नळीला काळा थर होता. आधीच्या वेळी असाच थर पाहून मी तो तेलाचा समजलो होतो आणि वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं होतं. पॅकिंग नवंकोरं होतं, मग तेल आलं कुठून? बोट लावलं तर निसरडं लागेना, चिकट लागलं. नाकाशी नेलं. खोबरं भाजताना जरा दुर्लक्ष झालं की घरभर येतो तो वास.

एका क्षणात सगळं कळलं. दर दुरुस्तीनंतर इंजिनला कुंकू लावून, तिथंच लोखंडावर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनवर शिंपडायचं, ही सुग्रीवची पद्धत. माणिकरावही हात जोडून उभे राहायचे. आणि नेमका तेव्हाच मी तिथं नसायचो. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, तेव्हापासून आमच्या घरात कुणी नारळ फोडत नाही आणि फोडताना उभंही राहत नाही. गावाला ते माहीत आहे. पिशवीतून नारळ निघाला की मी शेडमागं हात पुसायला जायचो, आणि मी जाईपर्यंत तेही थांबायचे. इंजिन सुरू झालं की मी परत यायचो. ते नारळाचं पाणी कुठं जिरतं हे ज्याला कळलं असतं तो एकटा मी, आणि मीच दर वेळी पाठ फिरवून जात होतो.

खड्डे फडक्यानं कोरडे करताना डोक्यात एकच चाललं होतं. माझ्या तोंडून 'नारळ नको' निघालं तर गाव काय ऐकेल? कॉईलचं कुणी ऐकणार नाही, हे मी पक्कं जाणून होतो. भीती वाटत होती, उगाच खोटं कशाला बोलू. प्लग आधी हातानं आटे धरून बसवले, मग पान्यानं आवळले, त्यावर कॉईल दाबल्या. सुग्रीवनं नारळ काढला. माणिकरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी जागचा हललो नाही.

"नारळ इंजिनवर फोडू नका," मी म्हणालो. "पानी प्लगच्या खड्ड्यात उतरतंय. त्यानंच कॉईल जळती."

माणिकरावांच्या कपाळावर आठी चढली. "इतके दिस कावून न्हाई बोललास?"

"मला दिसलंच न्हाई. नारळ निघाला की मी जातो ना."

"आमी तुजा मान ठिवून थांबतो, तू जाईस्तवर."

"अन् मी तुमचा मान ठिवून जातो."

मग माणिकरावांनी सुग्रीवला पुढच्या चाकाशी, जमिनीवर नारळ फोडायला सांगितलं. त्यांनी हे इतक्या सहज घेतलं की मला भरून आलं. पहिल्यांदाच मी तिथं उभा राहिलो. हात जोडले नाहीत, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही.

दुपारच्या शेवटच्या खेपेला मी चौकापुढच्या वळणावर थांबून सुग्रीवच्या शेजारी चढून बसलो. मला चढावर इंजिनचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकायचा होता. चढ आला. एक धक्का नाही, एक अडखळ नाही. गाडी वरच्याच गियरमध्ये तरातरा चढत होती. मी समोरच्या पत्र्यावर थाप मारून सुग्रीवला म्हणालो, बघ बे, याला म्हणतात काम. तो 'हूं' म्हणाला आणि रस्त्याकडंच बघत राहिला. मला त्याचं काहीच वाटलं नाही, इतका मी खुशीत होतो.

वस्तीत बायकांनी घागरी, हंडे, डबे ओळीनं मांडले होते. माय पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन दगडावर बसली होती. गाडी दारापर्यंत आलेली बघून पोरं नाचायला लागली. सुग्रीवनं कॉक उघडला. पाइपातून एक हंडा भरला, दुसरा निम्मा झाला, मग पाइप खोकल्यागत करून नुसती हवा सोडायला लागला. कचरा अडकला असेल म्हणून मी टाकीवर चढलो आणि झाकण उघडलं. तळाला नुसती ओल होती.

सुग्रीव खालूनच, माझ्याकडं न बघता म्हणाला, "चौकात समदं वाटलं. अन् उरलेलं जनावरांच्या छावनीवर. माणिकराव म्हनले, गाडी आता नीट झाली, वस्तीला उद्या न्या."

मी झाकण धरून तसाच उभा राहिलो. अर्धी टाकी पाणी घेऊन कुठलीही गाडी तो चढ तरातरा चढत नाही. आवाजावरून इंजिनचं दुखणं सांगणारा मी, आणि रिकाम्या गाडीचा आवाज मला ओळखू आला नाही.

माय दगडावरून उठून गाडीजवळ आली.

"नीट झाली का रं गाडी?"

"झाली, माय."

"आता बंद न्हाई ना पडायची?"

"न्हाई."

तिनं मान हलवली, चांगल्या हातानं रिकामा हंडा उचलला आणि कुणी घागरभर देतं का बघायला चौकाच्या वाटेला लागली.