जपून ठेवलेला बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. उजवा शेजारीच आहे, पण तो पडला मुखदुर्बळ, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. स्वस्थ बसणं मात्र आम्हा दोघांच्याही स्वभावात नाही.

जाड चामडं शिवून, खाली रबरी तळ चिकटवून आम्हाला डोंगरासाठीच घडवलं होतं. आम्हाला घेतलं शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी. सुट्टी लागली रे लागली की त्या रानातल्या ओढ्याकाठची वाट धरत. ती वाट भारी खोडकर! कधी दरडीवर चढायची, कधी आडव्या झाडाखालून रांगायला लावायची, मध्येच ओढ्यात उतरून पलीकडे निघायची. दगडांवर शेवाळ. पण आमची पकड अशी, की बाईंचा धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, तुझ्या बुटांना नखं आहेत की काय?" मी फुशारून जायचो.

पुढे बाईंचा गुडघा दुखावला. त्यांनी आम्हाला पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. "जपून ठेवलेत हो मी," असं त्या आल्यागेल्याला सांगत. वर्षं गेली. मी आत नुसता तळमळत होतो. खाली पावलं वाजली की वाटायचं, आता काढतील. कुणी काढलं नाही. वापराविना माझा तळ आतून भुसभुशीत होत गेला, वरून मात्र मी नवाकोराच दिसत राहिलो.

मग बाईंची मुलगी मामाबरोबर त्याच वाटेला निघाली. "माझेच बूट घाल, जपून ठेवलेत," बाई म्हणाल्या. "आणि ओढ्यात जपून गं!"

मला आनंद झाला आणि धडकीही भरली. चढावरच आतून काहीतरी सुटत चाललं होतं. बुटाला जीभ असते, पण आवाज नसतो. ऐन ओढ्यात, पाण्याला जोर असताना, माझा तळ उकलला. मुलगी आपटली आणि वाहू लागली. मामाने झेप घेऊन तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला, म्हणून वाचली.

घरी बाई लेकीला कवटाळून रडल्या. मग मला हातात घेऊन म्हणाल्या, "एवढं जपलं होतं गं!"

"नुसतं ठेवून दिलं होतंस, आई. आणि गुडघ्याचंही तेच केलंयस. डॉक्टर चाल म्हणतात, तू खुर्ची सोडत नाहीस."

 बाईंनी आम्हाला फेकलं नाही, नवे तळ बसवून आणले.

मित्रांनो, आम्हाला पुसा, वाळवा, फाटलं तर शिवा. पण कपाटावर चढवू नका. आम्ही झिजून संपलो तरी चालेल, पडून संपायला नको. हल्ली बाई आम्हाला घालून सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जातात. मला तेवढं पुरत नाही, सारखा ओढा डोळ्यांपुढे येतो. आज टोकाशी पोचल्यावर त्या थांबल्या, गुडघा चोळला आणि वळायच्या ऐवजी पुटपुटल्या, "चला, अजून थोडं."